खडू उजव्या हातात होता

फळ्याकडे तोंड करून शिकवण्याचे काही फायदे आहेत. मुलांचे चेहरे दिसत नाहीत. कोण झोपलंय, कोण मोबाईल बघतंय, कोणाला काहीच कळलेलं नाही, हे आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचं वाईटही वाटत नाही. एक समीकरण संपलं की दुसरं सुरू करायचं. घंटा झाली की हात झटकायचे, पर्स उचलायची आणि खाली बघत बाहेर पडायचं. दिल्लीतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा मी हेच करत होते. मुलांनी माझं नावच ठेवलं होतं, ‘पीठ वाली मैम’. हिंदीतली पीठ, म्हणजे पाठ.

आई मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत सगळ्यांना सांगते की मुलगी प्राध्यापिका आहे. मी तिथे असले तर खुर्चीत जरा खाली सरकते. मी अ‍ॅडहॉक आहे. चार-चार महिन्यांची नेमणूक असते, ती संपत आली की पुन्हा मुलाखत, पुन्हा नवं पत्र. वर्गाबाहेरच्या वेळापत्रकावर माझं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असतं. बाकीच्यांचं छापलेलं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं लहानपण दिल्लीतल्याच आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. वर तमिळ कुटुंब, खाली बंगाली. खेळायचं हिंदीत, शाळेत बोलायचं इंग्रजीत, जेवताना मराठी. तिन्ही भाषा आल्या, आणि चारचौघांत तिन्हींमध्ये गप्प बसायची सवयही लागली. अशा मुलीने शिक्षिका व्हावं हे कोणालाच पटलं नव्हतं. मलाही नाही. पण भौतिकशास्त्र मला मनापासून आवडायचं, आणि त्यात एम.एस्सी. केलेल्या माणसाला दुसरं फारसं काही करता येत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, पहिल्या वर्षाला शिकवणं सोपं. तसं नसतं. पहिल्या सहामाहीत यांत्रिकी असते, म्हणजे वस्तू पडतात, घसरतात, फिरतात. यातलं काहीच मुलांना नवीन नसतं आणि तीच अडचण आहे. प्रत्येकाचं आधीच एक मत असतं. बस वळते तेव्हा आपण बाहेर फेकले जातो, म्हणजे आपल्याला कोणी तरी ढकलतं, यावर मुलं वर्षानुवर्षांच्या बसप्रवासाच्या जोरावर ठाम असतात. दुसऱ्या सहामाहीत वीज आणि चुंबकत्व येतं. तिथे उलटं. कोणाचंच काही मत नसतं, कारण डोळ्यांना काही दिसतच नाही. मास्तर सांगतील तेच खरं.

पहिल्या सहामाहीत रोहतकचा नवीन नावाचा मुलगा होता. टेबलावर पुस्तक ठेवलं की पुस्तक टेबलाला खाली दाबतं आणि टेबल पुस्तकाला तितक्याच जोराने वर ढकलतं, हे मी सांगत होते. त्याने मागून विचारलं, “मैम, किताब मेज को दबाती है, ये तो ठीक है. पर मेज किताब को क्यों धक्का देगी? उसका क्या बिगाड़ा है किताब ने?”

वर्ग हसला. मी फळ्याकडे बघत इंग्रजीत तिसरा नियम पुन्हा म्हणून दाखवला. “ओके मैम,” तो म्हणाला, पण पास दाखवणाऱ्यावर विश्वास नसलेला कंडक्टर जसं ‘ठीक आहे’ म्हणतो तसं.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर खुराना मॅडम बसायच्या. तीस वर्षं शिकवत आलेल्या, आवाज असा की दोन वर्ग एकदम सांभाळतील. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “ओ बेटा, उसको बोलना था, मेज पे मुक्का मार. फिर पूछना, किसने किसको मारा.”

इतकं सोपं उत्तर मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण हिंदीत सुचलं होतं, आणि माझी हिंदी ऑटोवाल्याशी आणि भाजीवाल्याशी बोलायची. मोमेंटमला हिंदीत संवेग म्हणतात हेही मला माहीत नव्हतं. हिंदीत शिकवायला लागले तर मुलांना मी ऑटोचं भाडं ठरवणारी मुलगी वाटेन, अशी भीती होती. इंग्रजीत तसं वाटत नसे. इंग्रजी बोलताना माझ्या आणि त्यांच्यामध्ये एक टेबल असल्यासारखं वाटायचं. वर्गातली जवळजवळ निम्मी मुलं हिंदी माध्यमातून आली होती, बुलंदशहर, रोहतक, आरा अशा ठिकाणांहून. हे मला माहीत होतं. हळूहळू शिकतील, असं मी ठरवून टाकलं होतं.

सुमन त्यांच्यातलीच. बुलंदशहरजवळच्या गावची, शेवटच्या बाकावर बसणारी. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. वहीत फार लिहीत नसे. फळ्याकडे बघत बसे, म्हणजे माझ्याकडेच. ती माझ्याइतकीच लाजरी होती, आणि दोन लाजरी माणसं एकमेकांना चांगली ओळखतात आणि टाळतात. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो की आम्ही दोघीही नोटीस बोर्ड वाचायला लागायचो.

खुराना मॅडम मुलींना बोलतं करायच्या. त्यांच्याकडूनच कळलं की सुमनच्या मोठ्या भावाने तिला एकच वर्ष दिलंय. पहिल्या वर्षाला चांगले मार्क पडले तर दिल्लीत राहायचं, नाही तर परत गावाकडच्या कॉलेजात बी.ए., आणि मग लग्न. “तेरे सेक्शन की है,” खुराना मॅडम म्हणाल्या, “ध्यान रखियो.”

मी हो म्हटलं. ध्यान ठेवणं म्हणजे काय करायचं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डापाशी मी तिच्याकडे बघून हसले. ती घाबरली.

आता त्या नियमाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तारेतून वीज वाहायला लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते तारेला गोल वेढून असतं. पण कोणत्या बाजूने गोल, घड्याळाच्या काट्यांसारखं की उलट? त्यासाठी उजव्या हाताचा नियम आहे. उजव्या हाताचा अंगठा विजेच्या दिशेने धरायचा आणि बाकीची बोटं मुठीसारखी वळवायची. बोटं जशी वळतात तसं क्षेत्र. डावा हात धरला तर उत्तर बरोबर उलटं येतं. मला हा नियम फार आवडतो. त्यात समीकरण नाही, यंत्र नाही, स्वतःचा हात तेवढा लागतो. तो मी मन लावून शिकवला, दोन-तीन तास घेतले. प्रत्येक वेळी हात फळ्यासमोर उंच धरून दाखवला, आणि तोंडाने प्रत्येक वेळी इंग्रजीत म्हटलं, उजवा हात.

सहामाहीच्या शेवटी प्रात्यक्षिकाची परीक्षा असते. त्यासाठी दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक येतात, त्यांना सगळे एक्सटर्नल म्हणतात. मुलं प्रयोग करतात, मग एकेक करून एक्सटर्नलसमोर बसतात आणि तोंडी प्रश्नांना उत्तरं देतात. वर्गाच्या शिक्षकाने शेजारी बसायचं आणि एक्सटर्नलची सरबराई करायची, असा रिवाज आहे. सामोसे, काजूकतली, कोल्ड्रिंक. खुराना मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, “एक्सटर्नल को भूखा मत रखियो. नंबर सूख जाते हैं.”

आमचे एक्सटर्नल भटनागर सर. निवृत्तीला आलेले, गडगडाटी हसणारे. नेमणुकांच्या मुलाखतींनाही अधूनमधून बसणारे, त्यामुळे मी त्यांच्या ग्लासात कोल्ड्रिंक जरा जास्तच काळजीने ओतत होते. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. पेन टेबलावर उभं धरायचे आणि म्हणायचे, ही तार, वीज वर चालली आहे, क्षेत्र कसं ते हाताने दाखव. मला बरं वाटलं. बोलायचं नाही, हात दाखवायचा. माझ्या मुलांना हे जमेल.

पहिली मुलगी दिल्लीच्याच शाळेतली. तिने उजवा हात दाखवला. शाबास. मग नवीन आला. त्याने अंगठा वर करून हात पुढे केला. डावा.

“उल्टा,” सर म्हणाले, आणि मार्क लिहिले. “नेक्स्ट.”

पोरगा नेहमीचाच निष्काळजी, असं मला वाटलं. पुढचे दोघे उजवे. मग आऱ्याची एक मुलगी, डावा. मग परत डावा.

“मैडम, आपके सेक्शन में लेफ्टी बहुत हैं,” सर म्हणाले.

मी हसले. एक्सटर्नल हसले की आपण हसायचं, हाही रिवाजच. पण तिघांची चूक एकच कशी, ते डोक्यातून जाईना. मी हजेरीवर सही करायला पेन उचललं होतं, ते हातातच राहिलं. उजव्या हातात पेन. डावा हात रिकामा. टेबलाखाली, कोणाला दिसणार नाही असा, मी अंगठा वर करून पाहिला. नियम दाखवायला माझा डावा हातच वर येत होता. अगदी सवयीने. कारण उजव्या हातात नेहमी खडू असायचा.

तेवढ्यात सुमन आली.

तिचा प्रयोग नीट झाला होता, आकडे बरोबर होते. सरांनी पेन उभं धरलं. तिने जराही न अडखळता हात वर केला. नुसता पुढे नाही, उंच, भिंतीसमोर धरल्यासारखा, कोपर ताठ, करंगळी जरा सुटलेली. माझी करंगळी अशीच सुटते. समोर बसून मी माझाच हात बघत होते.

“विच रूल?” सरांनी विचारलं. मग लगेच म्हणाले, “हिंदी में बोलो.”

“अंगूठे वाला, सर.”

“और ये कौन सा हाथ है?”

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. ताळा करून बघावा तसं तिने पाहिलं, आणि मला वाटतं, त्या क्षणी तिला सगळं कळलं. हात मात्र खाली घेतला नाही.

“किसने सिखाया ऐसे?”

“खुद से, सर,” सुमन म्हणाली.

मी आयुष्यात बऱ्याच वेळा लाजले आहे. नाव पुकारलं म्हणून, फोटो काढला म्हणून, आईने चारचौघांत प्राध्यापिका म्हटलं म्हणून. ती सगळी लाज वरवरची होती, हे तेव्हा समजलं.

“सर, मैंने,” मी म्हटलं.

“जी?” त्यांना ऐकू गेलं नव्हतं. माझं कोणालाच पहिल्यांदा ऐकू जात नाही.

“मैंने सिखाया. चॉक राइट हैंड में होता है, तो…” दाखवण्यासाठी मी पेन धरलेला हात उचलला, आणि त्याबरोबर डावा आपोआप अंगठा दाखवत वर आला.

भटनागर सर इतके हसले की कोल्ड्रिंक सांडलं. त्यांनी शेजारच्या प्रयोगशाळेतून खुराना मॅडमना हाक मारली. “आइए मैडम, देखिए, आपके यहाँ चुंबक उल्टा चलता है!” खुराना मॅडम आल्या, ऐकलं, आणि त्याही हसल्या. रांगेतली मुलं हसली. सुमन हसली नाही. तिने हात मात्र आता खाली घेतला होता आणि ओढणीत गुंडाळला होता, काही चोरल्यासारखा.

“तो नंबर किसके काटूँ?” सर डोळे पुसत म्हणाले. “आपके?”

तिचे नाही कापले त्यांनी. पण आधीच्या तिघांचे कापले गेले होते. मी म्हटलं, “सर, जिनके कट गए, उनको वापस…”

“अरे बेटा, जो गए सो गए. मुझे भी घर जाना है.”

एरवी मी इथे गप्प बसले असते. पुढच्या मुलाखतीत हेच सर समोर असू शकतात, हेही डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. पण सुमन अजून समोरच बसलेली होती. मी उठून हिंदीत म्हणाले, “सर, उन्होंने वही किया जो मैंने दिखाया. गलत तो मैंने किया.” प्रयोगशाळेत उभं राहून हिंदीत बोललेली माझी ही पहिलीच दोन धड वाक्यं.

सरांनी एक काजूकतली सावकाश खाल्ली. मग म्हणाले, “बुलाओ.”

माझ्याकडे मुलांचे फोन नंबर नव्हते. कधी घेतलेच नव्हते. सुमन फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेली. दार उघडं होतं. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

“हाँ, वापस आ जा. अरे तेरी नहीं, मैम की गलती थी. हाँ, वही, पीठ वाली. मेट्रो में मत चढ़, सुन तो.” मग दुसरा फोन. “वापस आ जा. मैम की गलती थी.” मग तिसरा.

आत सगळे ऐकत होते. सर ग्लासात बघत हसत होते. मी सामोशाची बशी नीट ठेवत होते, ती आधीच नीट होती.

तिघे येईपर्यंत मी मनात त्यांची नावं फिरवत बसले. नवीन, आऱ्याची मुलगी, आणखी एक, आणि सुमन. मागचे बाक. हिंदी माध्यम. उजवा हात दाखवणारी सगळी मुलं इंग्रजी शाळांतली होती. ज्यांना माझे शब्द कळत होते त्यांनी शब्द ऐकले, ‘उजवा’, आणि उजवा हात धरला. ज्यांना कळत नव्हते त्यांनी माझा हात पाहिला. वर्षभर मी ज्यांच्याकडे पाठ करून बोलत होते, त्यांनीच मला सगळ्यात नीट पाहिलं होतं.

परीक्षा संपली. सर गेले. सुमन तारा गुंडाळत होती, ते काम तिचं नव्हतं, पण करत होती. मी तिच्याजवळ जाऊन हिंदीत विचारलं, “ये रूल स्कूल में नहीं पढ़ा था?”

“पढ़ा था मैम. दाएँ हाथ का नियम.”

“फिर?”

तिने तारेचा वेढा पूर्ण केला. “लगा, कॉलेज में बदल जाता होगा. यहाँ तो सब कुछ बदल गया था.”

“तो पूछा क्यों नहीं?” हे विचारलं याचीही मला आता लाज वाटते.

“आप मुड़ती कहाँ हैं मैम,” ती म्हणाली. टोमणा नव्हता. ओशाळून, माझीच बाजू सांभाळून घेतल्यासारखं म्हणाली.

क्वार्टर सुटल्यावर गाझियाबादला घेतलेल्या घरी पोचले तर आईने विचारलं, “कशी झाली परीक्षा?” आधी बरी म्हटलं. मग सगळं सांगितलं. बाबा टीव्ही बंद करून ऐकायला लागले. दोघंही हसली, हसणारच. मग आई पोळी तव्यावर टाकत म्हणाली, “म्हणजे मुलं रोज तुझ्याकडे बघत होती म्हणायची. मला वाटायचं, तू एवढी गप्प, तुझ्याकडे कोणी बघतच नसेल.”

जेवण झाल्यावर मी खोलीत जाऊन थोडं रडले.

भटनागर सर पुढच्या मुलाखतीला होतेच. पहिला प्रश्न विचारायच्या आधी त्यांनी बाकीच्या सभासदांना ‘उल्टे चुंबक’ची गोष्ट सांगितली, माझ्यासमोर, अभिनयासकट. सगळे हसले. मीही हसले. नेमणूक मिळाली, चार महिन्यांची. गोष्ट अजून फिरते आहे. मागच्या महिन्यात एका सेमिनारमध्ये अनोळखी माणसाने माझं कॉलेज विचारलं आणि म्हणाला, वो लेफ्ट हैंड वाला किस्सा आपके यहाँ का है ना? मी म्हटलं, हो, आमच्याकडचाच.

सुमन राहिली. निकालाच्या दिवशी तिचा भाऊ स्वतः आला होता, कॉलेजच्या फाटकाशी हेल्मेट हातात घेऊन उभा होता. प्रात्यक्षिकाच्या मार्कांनी तिला वर ओढलं, यांत्रिकीच्या लेखी पेपरात ती कशीबशी पास झाली होती. तो पेपर मीच शिकवला होता. माझ्यामुळे ती राहिली असं कोणी म्हणालं तर मला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मी असूनही ती राहिली.

पुढच्या वर्षी नव्या मुलांना तो नियम शिकवायची वेळ आली तेव्हा मी आदल्या दिवशी आरशासमोर तयारी केली. मुलांकडे तोंड करून हात दाखवायचा, हिंदीत बोलायचं. पण वर्गात पाऊल टाकलं, सगळे चेहरे दिसले, आणि माझी हिंमत गेली. एक आडवाट सुचली. पाठ करून उभं राहिलं तर माझा उजवा आणि त्यांचा उजवा एकाच बाजूला येतात, मग नक्कल चुकणार नाही. शास्त्रशुद्ध कारण. मी खडू खाली ठेवला, फळ्याकडे वळले आणि उजवा हात उंच धरला.

मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. “मैम, कौन सा हाथ?”

मी हात जरा आणखी उंच केला.

“सुमन दीदी ने बोला था,” तोच आवाज, “पीठ वाली मैम से हाथ पूछ लेना.”

वर्गात खसखस पिकली. हात वर तसाच होता, आणि आता तो खाली घेणं वाईट दिसलं असतं, म्हणून तो तसाच धरून मी वळले. “दायाँ,” मी म्हटलं. “ये वाला. सब दिखाओ.”

वर्गभर हात वर गेले. आरशात बघितल्यासारखे, त्यातले निम्मे डावे.

मी कधीच बाकांमधून चालले नव्हते. जागा किती अरुंद असते, पिशव्या वाटेत किती येतात, हे माहीत नव्हतं. एकेकाचा हात बघत बघत जायचं ठरवलं, आणि मागच्या बाकापासून सुरुवात केली.